दिंडीचा ट्रक आणि कोकणातली सायकल

त्रेसष्टाव्या वर्षी सायकलवरून कोकणकिनारा पाहून आले असे सांगितले, की लोक आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी करतात. गुडघ्यांचे सांगेनच, परंतु माझ्यापुढची खरी अडचण वेगळी होती. चार वर्षांपूर्वी ह्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात अधू राहिला, बोलणे थोडे अडखळते. त्या चार वर्षांत मी एकही रात्र माढ्याबाहेर काढली नव्हती. तुमच्या घरी असे कोणी असेल, तर तुमच्या मनात पहिला प्रश्न गुडघ्यांचा येणार नाही. घरचे कोणाच्या हवाली केले, असेच तुम्ही विचाराल.

बार्शीच्या नणंदबाईंच्या हवाली केले. सहलीचे पत्रक त्यांनीच माझ्या पिशवीत पाहिले. ते मी दोन महिने जपून ठेवले होते, कोणाला न दाखवता. त्या म्हणाल्या, "वहिनी, आठ दिवसांत दादाचं काही बिघडत नाही. तुमचं मात्र बिघडत चाललंय." हे मला लागले, पण खोटे नव्हते. रक्तदाब वाढला होता, झोप तुटक झाली होती, आणि लहानसहान कारणांवरून ह्यांच्यावर चिडणे वाढले होते. चिडल्यावर येणारी शरम तर सांगूच नये. मी जाताना दोन पाने भरून सूचना लिहिल्या: गोळ्यांच्या वेळा, अंघोळीचे पाणी, घास केवढा करायचा, कप कसा धरायचा.

सहल सहा दिवसांची होती. मुरुड-जंजिऱ्याजवळच्या आगरदांड्याहून निघून दिवेआगर, हरिहरेश्वर, आंजर्ले, गुहागर, गणपतीपुळे असे मुक्काम करत रत्नागिरीला पोचायचे. आम्ही चौदा जण होतो. पुढे वाट दाखवणारा एक जण आणि सर्वांच्या मागे, कोणी एकटे पडू नये म्हणून राहणारा दुसरा. त्याच्याही मागून एक गाडी. तिच्यात सामान, पाणी, केळी, औषधपेटी आणि सायकल दुरुस्त करणारा मुलगा. गिअरच्या सायकली त्यांच्याच. 'थकलात तर गाडीत बसा' हे पत्रकातच लिहिलेले होते. मी ते वाक्य दुसऱ्या कोणासाठी आहे असे समजले होते.

आता गुडघे. आपल्याकडे सायकलची सीट पाय जमिनीला टेकेल इतकी खाली ठेवतात. मग पेडल मारताना गुडघा फार दुमडतो आणि दुखतो. पेडल अगदी खाली गेल्यावर गुडघा किंचितच वाकलेला राहील, इतकी सीट वर हवी. अर्थात मग थांबताना सीटवरून पुढे उतरावे लागते, आणि वय झालेल्या माणसाने आधी शिकायचे ते हेच उतरणे, कारण आपण बहुधा चालत्या सायकलवरून पडत नाही, थांबताना पडतो. चढाला हलका गिअर टाकून पाय भरभर फिरवावेत, जोर लावू नये. सायकलवर शरीराचा भार सीट उचलते, म्हणून झिजलेल्या गुडघ्यांना ती चालण्याहून सोसते. पण त्याच कारणाने ती हाडे बळकट करण्याच्या फारशी कामी येत नाही. ज्यांची हाडे ठिसूळ झाली आहेत, त्यांनी सायकल धरली म्हणून चालणे सोडू नये.

सराव तीन महिने केला, माढा-कुर्डुवाडी रस्त्यावर. तोही दिवस उजाडल्यावरच, कारण गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या पहाटे मागच्या दिव्यांशिवाय उभ्या असतात. आमचा मुलूख सपाट. चढ म्हणायचा तो कालव्यावरच्या पुलाचा. डॉक्टरांनी हृदयाची तपासणी करून परवानगी दिली आणि एक साधी खूण सांगितली. चालवताना वाक्य पूर्ण बोलता आले पाहिजे. शब्दाशब्दाला धाप लागली तर वेग कमी करायचा. आठवड्याला दीडशे मिनिटे मध्यम व्यायाम आणि त्याखेरीज तोल व ताकद वाढवणाऱ्या हालचाली, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला ज्येष्ठांनाही लागू आहे, हेही त्यांनीच सांगितले. ते एका पायावर उभे राहणे मी स्वयंपाकघरात ओटा धरून करत असे. ह्यांना त्याचे हसू येई.

किनाऱ्याचा रस्ता सपाट असेल ही माझी समजूत पहिल्याच दिवशी गेली. कोकणात खाड्या समुद्रापासून आत शिरलेल्या आहेत आणि दोन खाड्यांच्या मध्ये जांभ्या दगडाचे सडे आहेत. म्हणून खाडीपर्यंत उतरायचे, फेरीबोटीत सायकलसकट चढायचे आणि पलीकडे उतरले की पुन्हा सडा चढायचा. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड अशा चार वेळा आम्ही बोटीने खाडी ओलांडली. बोटीवरची ती थोडी मिनिटे मला फार आवडत. कोणाला औषध द्यायचे नसे, कोणाची हाक येणार नसे. दिवेआगरहून श्रीवर्धनकडे जाताना रस्ता इतका समुद्रालगत येतो, की मी दोनदा उगीचच थांबले. हर्णैच्या बंदरात मासळीच्या लिलावाचा गलका ऐकत उभी राहिले. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. शाळेत चौतीस वर्षे मुलांना आरमार शिकवले, आणि हा किल्ला प्रथम पाहिला तो असा, घामेजलेल्या चेहऱ्याने.

घामाचेच पुढे भोवले. माढ्याचा उन्हाळा आम्ही काढतो, पारा चाळिशीपलीकडे जातो; मग जानेवारीतल्या कोकणाचे काय, असे मला वाटे. पण आमची हवा कोरडी. घाम आला की उडून जातो आणि उडताना अंग गार करतो. किनाऱ्यावर हवेतच ओल असते; घाम निथळत राहतो, उडत नाही, म्हणून अंग थंड होत नाही आणि पाणी व मीठ मात्र जातच राहते. त्यात वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते. आणि जी गोष्ट बायका एकमेकींतही क्वचितच बोलतात, ती इथे लिहिते: वाटेत लघवीला कुठे जायचे या संकोचाने मी पाणीच कमी पीत होते. रक्तदाबाच्या माझ्या गोळ्यांत लघवी वाढवणारे औषध होते, हेही मी विसरले.

चौथ्या दिवशी भर दुपारी धोपाव्याला बोटीतून उतरलो आणि चढ सुरू झाला. पोटरीत गोळा आला. मग डोळ्यांपुढे अंधारी. मागे राहणारा मुलगा जवळ येऊन म्हणाला, "मावशी, गाडी आहे." मी म्हटले, "नको, जाईन मी." दोनदा म्हटले. तिसऱ्यांदा म्हणायला तोंडातून आवाजच निघेना. त्याने सायकल हातातून घेतली आणि मला सावलीत बसवले.

गाडीत पाय वर करून बसले आणि रडू आले. दुखण्याचे नव्हते ते. साखर-मिठाचे पाणी घोट घोट घेताना मला दिंडीचा ट्रक आठवला. आषाढीला पंढरपूरकडे जाणाऱ्या दिंड्या आपण लहानपणापासून पाहतो. सामान ट्रकात असते, स्वयंपाकाची भांडी पुढे जातात, पायाला फोड आलेली म्हातारी एक मजल ट्रकात बसून जाते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टाळ घेऊन चालू लागते. तिची वारी मोडली असे कोणी म्हणत नाही. मग मीच कोण लागून गेले होते? घरीसुद्धा चार वर्षे मी 'नको, करीन मी' हेच म्हणत आले होते. मुलाला, शेजारणीला, नणंदबाईंना.

साखर-मिठाचे प्रमाण सांगून ठेवते: एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ अंदाजाने घालू नये. मधुमेह, हृदयविकार वा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. प्रवासात गोळ्यांचे काय करायचे तेही. आणि तुम्ही अशा सहलीला जाणार असाल, तर मुक्कामाच्या खोल्या कशा आहेत हे नंतर विचारा. गाडी शेवटच्या माणसाच्या मागे असते की पुढे निघून जाते, स्वच्छतागृहासाठी दर किती वेळाने थांबतात, जवळचा दवाखाना कुठे, हे आधी विचारा. विजेची मदत असलेली सायकल चालते का, तेही विचारायला लाजू नका. आमच्यातले सत्तरीचे गृहस्थ तशीच सायकल घेऊन आले होते आणि ते सर्वांत आनंदात होते.

पाचव्या दिवशी मी जयगडपर्यंत सायकलने आणि पुढे गाडीने गेले. सहाव्या दिवशी आरे-वारेचा समुद्र उजव्या हाताला ठेवून रत्नागिरीपर्यंत सगळी वाट चालवली.

घरी पोचले तेव्हा हे ओसरीवर चहा पीत होते. स्वतः. दोन कानांचा कप दोन्ही हातांत धरून. थोडा सदऱ्यावर सांडला होता. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दोन वर्षांपूर्वीच सांगितले होते, जे जमेल ते त्यांचे त्यांना करू द्या, अधू हात वापरायला लावा. पण त्यांना वेळ लागे, सांडे, मला पुसावे लागे. म्हणून कप मीच धरत आले होते. नणंदबाईंनी माझी दोन पाने पहिल्या दिवशी वाचून डब्याखाली ठेवून दिली होती. मला राग आला, हे कबूल करते. रात्री तो गेला, संध्याकाळी गेला नाही.

"काय बघितलंस?" ह्यांनी विचारले. दोन शब्दांना बराच वेळ लागला. मी मध्येच वाक्य पुरे केले नाही. मग सुवर्णदुर्गाचे सांगितले.

आता महिन्यातला एक रविवार नणंदबाई येतात. पुढच्या खेपेला उजनीच्या फुगवट्यावर पक्षी पाहायला सायकलने जायचे आहे. गाडी मुलगा आणणार आहे, आणि तिच्यात हे बसणार आहेत.