पडेगावचा घाणा आणि परदेशी बाटली

वेरूळला निघाले की आमच्या गाडीचा पहिला थांबा पडेगावला असतो. नगर नाका आणि छावणी मागे पडते, शहराचा गजबजाट ओसरतो, आणि पुढे मिटमिटा, शरणापूर फाटा ओलांडला की देवगिरीचा किल्ला दिसू लागतो. माझ्या लहानपणी वडिलांबरोबर याच वाटेने जाताना दोन्ही बाजूंना शेते लागत. आता पडेगाव शहरातच मिसळले आहे. वसाहती, दुकाने, दवाखाने, सारे आहे. त्या दुकानांच्या रांगेत एक लाकडी घाणा आहे. बैल नाही, मोटर आहे. पण लाट फिरू लागली की जो वास येतो, तो आमच्या मोंढ्यातल्या जुन्या दुकानाचा वास आहे.

या खेपेस भाऊजी बरोबर होते. गेल्या वर्षी त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसविला. तेव्हापासून घरात तेलाची चर्चा अखंड चालू असते. त्यांच्या परदेशस्थ पुतण्याने चहाच्या बियांच्या तेलाची बाटली पाठविली आणि तिच्यावरील मजकूर वाचून भाऊजींचा जीव तिच्यावर जडला. भाजीवर, भातावर, पोळीवर, सगळीकडे तीच धार. एवढ्यावर थांबते तर हरकत नव्हती. पण गाडीत बसल्यावर ते सहज म्हणाले, “आता कोलेस्टेरॉलची गोळी अर्धी करावी म्हणतो.” ताईने माझ्याकडे पाहिले. तिच्या डोळ्यांतील भीती मला दिसली, आणि त्या दिवशीचा प्रवास मग तेलाचाच झाला.

त्या बाटलीवर अन्याय करायचा नाही. दक्षिण चीनमध्ये, विशेषतः हुनान आणि जिआंगशी प्रांतांत, हे तेल शतकानुशतके स्वयंपाकात आहे. ज्याची पाने आपण उकळतो त्या चहाचे ते झाड नव्हे. त्याच कुळातले भावंड आहे, कॅमेलिया ओलेइफेरा. त्याच्या तेलात सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहून अधिक ओलेइक आम्ल असते, म्हणजे ऑलिव्ह तेलात जे मुख्य असते तेच. तूप, वनस्पती किंवा पामतेलाच्या जागी असे तेल आले तर रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल उतरते, हे मान्य आहे. ‘जागी’ हा शब्द मात्र महत्त्वाचा. भाऊजींनी तूप कमी केले नव्हते. त्यावर हे तेल वाढविले होते. कोणत्याही तेलाच्या एका ग्रॅममध्ये नऊ कॅलरी असतात, मग ते हुनानचे असो की हिंगोलीचे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. बाटली संपत आली म्हणून सूनबाईंनी फोनवरून दुसरी मागविली. ती आली ती टी ट्री तेलाची. नावात चहा आहे, पण ते झाड ऑस्ट्रेलियातले, आणि ते तेल त्वचेवर लावण्याचे. पोटात गेले तर विषबाधा होते. ताईने वास घेतला म्हणून ते स्वयंपाकघरात गेले नाही. वाचकहो, घरात अशी बाटली असेल तर आजच नाव पुन्हा वाचा.

घाण्यावर आम्ही करडई मागितली. मालक हसले. “शेठ, करडई मिळते कुठे आता?” खरे आहे. मराठवाड्याच्या काळ्या रानात परतीच्या पावसाच्या ओलीवर येणारे हे पीक. ज्वारीभोवती काटेरी कुंपण म्हणून त्याचे तास घालीत, गुरे फिरकत नसत. परभणीच्या कृषी विद्यापीठाने बिनकाट्याचे वाणही दिले. तरी सोयाबीन आणि हरभरा पुढे गेले, करडई मागे पडली. आम्ही आडतवाले, भाव तिकडे माल, यात आमचाही हात आहेच.

आता गंमत अशी की, आपल्या नेहमीच्या करडईच्या तेलात ओलेइक नव्हे, लिनोलेइक आम्ल सुमारे सत्तर टक्के असते. ते कोलेस्टेरॉल उतरविते म्हणून एके काळी हृदयरोग्यांना तेच तेल सांगितले जाई. परंतु सिडनीत १९६६ ते १९७३ या काळात हृदयविकार झालेल्या ४५८ पुरुषांवर प्रयोग झाला. त्याची जुनी माहिती पुन्हा तपासून २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. करडईचे तेल आणि त्याचे मार्गारिन भरपूर घेणाऱ्या गटात कोलेस्टेरॉल उतरले होते, मृत्यू मात्र जास्त होते. एका प्रयोगावरून करडईला दोषी ठरवू नये. पण आपले म्हणून तेही डोक्यावर घेऊन नाचू नये. आणखी एक: ओलेइक आम्लाने भरलेली करडईही आहे. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात तिचे वाण निघाले, आणि तो गुण ज्या बियाण्यात सापडला होता ते भारतातून गेलेले होते. चीनच्या बाटलीत आपण जे शोधत होतो, ते आपल्याच मुठीतून निसटून गेले होते.

भाऊजी ऐकत होते. मग मी व्यापाऱ्याला कळेल असा हिशेब मांडला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०११ च्या मार्गदर्शिकेत बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २५ ग्रॅम आणि स्त्रीला २० ग्रॅम वरचे तेल-तूप पुरे म्हटले आहे. म्हणजे गादीवर बसणाऱ्या माणसाला महिन्याकाठी पाऊण किलो, तुपासकट. आपल्या घरचे डबे मोजा, असे म्हटल्यावर ताई म्हणाली, “मोजायला नकोच. मला माहीत आहे.” दिगंबरांच्या षड्रसांत आणि श्वेतांबरांच्या सहा विगईंत, दोन्हीकडे तेलाला जागा आहे. आपल्या पूर्वजांनी ते सोडण्याच्या यादीत घातले, कोणते तेल हे न विचारता.

शेवटी शेंगदाण्याचे एक किलो आणि तिळाचे अर्धा किलो घेतले. शेंगदाण्यातही निम्म्याच्या आसपास ओलेइक असतेच. (भुईमूग जमिनीत वाढतो, पण तो कंद नव्हे, हे आजीला दरवर्षी सांगावे लागे.) घाण्याच्या तेलात पुन्हा पुन्हा तळण करू नका, असे मालकांनीच बजावले.

वेरूळला जैन लेण्यांत इंद्रसभेपाशी बराच वेळ बसलो. परत येताना दौलताबादच्या पायथ्याशी डबा उघडला. जेवण झाल्यावर ताईने पर्समधून गोळीची पट्टी काढली. भाऊजींनी ती हातात घेतली, एक गोळी सोडविली, तिच्याकडे क्षणभर पाहिले आणि अख्खी घेतली. “डॉक्टरांना पुढच्या महिन्यात विचारू,” ते म्हणाले. उरलेली बाटली कोशिंबिरीपुरती ठेवायची, चमचा मोजून, हेही त्यांनीच ठरविले.