काचपट्टीच खरी

म्वांझा, टांझानिया



मला मलेरिया झाला म्हटल्यावर फोनवर आई रडली, बाबांनी परतीच्या तिकिटाचे भाव काढले, आणि आजोबा, तुम्ही त्याची जात तेवढी विचारलीत, "पीव्ही की पीएफ?" म्हणून हे पत्र तुम्हाला. घरातल्या बाकीच्यांनीही वाचावं, लपवण्यासारखं काही नाही.

पीएफ, म्हणजे फाल्सिपेरम. इथे जवळजवळ सगळा तोच. म्हणजे तुम्ही ज्याला मेंदूत जाणारा म्हणायचात तो. माझ्या मेंदूपर्यंत काही तो पोचला नाही, कारण ताप चढल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी घरमालकीणबाईंनी मला उठवून दवाखान्यात नेलं. विचारलं वगैरे नाही. रांगेत पुढेमागे सगळ्या बायका, पाठीला कांगा बांधून त्यात पोरं. सगळ्यांत मोठी रोगी मीच. ते बरोबरच होतं म्हणा. इथे वाढलेल्या मोठ्या माणसाचं शरीर या जंतूला थोडंफार सरावलेलं असतं, माझं रक्त मात्र त्या पाठीवरच्या पोरांइतकंच कोरं. आफ्रिकेत मलेरियाने जाणाऱ्यांत पाच वर्षांखालची मुलंच सर्वांत जास्त, हे मला तिथे बसल्यावर पहिल्यांदा नीट कळलं.

नर्सने बोट टोचलं, थेंब चाचणीच्या पट्टीवर घेतला, आणि पंधरा-वीस मिनिटांत दुसरी लाल रेघ उमटली. तुमची आठवण आली. 1965 मध्ये देशातले हिवतापाचे रुग्ण लाखाच्या आसपास उतरले होते, 1976 मध्ये चौसष्ट लाखांवर गेले, आणि त्यानंतरच्या भरतीत तुम्ही हिवताप विभागात लागलात. धानोऱ्याकडच्या गावांतून सायकलवर हिंडायचं, काचपट्टीवर रक्त घ्यायचं, भिंतीवर तारीख टाकायची, आणि निकाल येईपर्यंत क्लोरोक्विन देऊन ठेवायचं. ती कडू गोळी इथे आता देत नाहीत, टांझानियाने ती 2001 मध्येच सोडली.

आताचं औषध आर्टिमेथर-ल्युमेफँट्रिन. एका वेळी चार पिवळ्या गोळ्या, तीन दिवसांत सहा वेळा, आणि दुसरा डोस पहिल्यानंतर बरोबर आठ तासांनी. माझा तो रात्री दोनला आला. शिवाय या गोळ्या रिकाम्या पोटी चालत नाहीत, पोटात काहीतरी स्निग्ध असेल तरच त्या नीट अंगी लागतात. अन्नाचा वास आला तरी मळमळणाऱ्या माणसाला तेलातुपाचं खा म्हणायचं, हा या औषधाचा खोडसाळपणा. माझ्याबरोबर राहणारी नेपाळची मैत्रीण, तीही माझ्यासारखीच स्वयंसेवक, गजर लावून उठली, आणि घरमालकीणबाईंनी थर्मासमध्ये ठेवलेली उजी तिने कपात ओतली. उजी म्हणजे पिठाची पातळ पेज, आपल्या आंबिलीची बहीण. त्यात दाण्याचं कूट घातलेलं, म्हणजे तेलाची सोय झाली. मी दोन घोट घेऊन कप खाली ठेवला. ती काही बोलली नाही, हातातल्या चार गोळ्या तशाच धरून बसून राहिली. कप संपेपर्यंत गोळ्या मिळाल्या नाहीत.

बाकीच्या मित्रमंडळींबद्दल माझं मत संमिश्र आहे. इथे आजाऱ्याकडे जायचं म्हणजे जायचंच. मी शिकवते त्या शाळेतले शिक्षक आले, चर्चच्या गायनमंडळातल्या बायका आल्या, "पोले, पोले" म्हणत खाटेभोवती बसल्या आणि मग आपसात डगाच्या भावावर बोलू लागल्या. डगा म्हणजे व्हिक्टोरिया सरोवरातली बोटाएवढी मासळी, किनाऱ्यावर वाळत घालतात. मला फक्त झोपायचं होतं. आजारपणात दहा भेटकऱ्यांपेक्षा घड्याळ बघणारी एक मैत्रीण बरी, असं मी मनात ठरवूनही टाकलं होतं. पण आमचं घर टेकडीवर आहे. म्वांझाच्या टेकड्यांवर हत्तीएवढे धोंडे पसरलेत, त्यांच्या फटीफटींतून घरं आणि पायवाटा. तिथे पाण्याचे वीस-वीस लिटरचे डबे खालून वर आणले ते याच बडबड्या मंडळींनी. तेव्हा मत जरा आवरतं घेते.

ताप गोळ्यांनी गेला, पण अशक्तपणा ठाण मांडून बसला. मलेरिया तांबड्या पेशी फोडतो हे तुम्हाला मी काय सांगणार! दहा पायऱ्या चढले की धाप लागायची. मुख्याध्यापकांनी शाळेत यायला बंदी केली, तर माध्यमिकच्या दुसऱ्या वर्षातली पोरं बीजगणिताच्या वह्या घेऊन टेकडी चढून आली. मी पडल्यापडल्या तपासायची, ती दारात बसून पेरू खायची. कंस सोडवताना वजाचं चिन्ह विसरायचं, यात आपली आरमोरी आणि म्वांझा यांत काही फरक नाही.

आईचं म्हणणं, परत ये. मी राहतेय, आणि त्यात शौर्य काही नाही. इथे ताप म्हटलं की आधी मलेरिया बघतात, औषध कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं, आणि कुठला ताप घातकी हे घरमालकीणबाईंना कळतं. पुण्यात माझ्या सोसायटीतल्या डॉक्टरांनी आधी पॅरासिटामॉल दिलं असतं, मग डेंग्यू बघितला असता, मग टायफॉइड. पीएफ इतके दिवस थांबत नाही.

एक गोष्ट खास तुमच्यासाठी. बरी झाल्यावर पुन्हा तपासायचं होतं, तेव्हा नर्सने पट्टी बाजूला सारली. जंतू मेले तरी ती कित्येक आठवडे रेघ दाखवत राहते. मग तिने कपाटातून काय काढलं असेल? काचपट्टी. थेंब पसरला, वाळवला, रंगवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. निकाल निरंक.

जूनमध्ये घरी येते आहे. त्यानंतर तीनेक महिन्यांत मला साधा ताप आला, तरी दवाखान्यात पहिल्याच वाक्यात "ही टांझानियाहून आलीय" हे सांगायचं काम तुमच्याकडे. आई घाबरेल आणि बाबा विसरतील. डॉक्टरांनी आधी सीबीसी लिहून दिला, तर काचपट्टी मागून घ्या.

आपली नात