उणा वायुदाब

ओझरहून उठलेल्या सुखोईचा घोष नाशिकवरून विरत असता मी संसर्गग्रस्तांना विमानातून नेण्यासाठी हवाई दलाने घडविलेल्या ‘अर्पित’ या २०२० सालच्या रुग्णपेटिकेचा वृत्तान्त वाचीत होतो. विदेशी पेटिकेस तेव्हा साठ लक्ष रुपयांपर्यंत मोल होते, हिला अवघे साठ हजार! १८९७ च्या प्लेगात रुग्ण बालकास पाठीवर वाहून नेणाऱ्या, आणि त्याच संसर्गाने निवर्तलेल्या सावित्रीबाई फुल्यांपाशी असला कोणताही बंदोबस्त नव्हता. पेटिकेतील वायुदाब बाहेरच्याहून न्यून राखला, की फटीतून हवा आत शिरते, परंतु आतली गाळणीखेरीज सुटत नाही. संसर्गप्रवण दुर्बळ रुग्णास मात्र नेमकी उलट तजवीज हवी. मला स्वतःला किमतीहून अधिक मोलाचे वाटतात ते पेटिकेस जडविलेले लांब हातमोजे, कारण त्यांच्यायोगे उड्डाणातही वैद्याचा हात रुग्णाच्या नाडीपर्यंत पोहोचतो.