समुद्र वाजतो हो!

अहो, समुद्राचं पाणी वाजतं! लाटांचं नाही म्हणत मी, मेटल डिटेक्टरमध्ये वाजतं! आधीच सांगतो, मला यातलं ओ की ठो कळत नाही. घरातला फ्यूज गेला तर मी मेणबत्ती शोधणारा माणूस! पण भाचा सुट्टीत रत्नागिरीला आला, येताना हे यंत्र घेऊन आला, आणि तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही.

भाट्याच्या कोरड्या वाळूत ते शहाण्यासारखं गप्प! बाटलीचं बूच आलं की टुंग! बूच हो, साधं गंजकं बूच, आणि मी नाचतोय! आणि मग ओहोटीमागोमाग ओल्या वाळूत उतरलो, आणि मग ते जे कोकलायला लागलं, खणावं तर खाली नुसतं पाणी, आणि मग मांडवीला गेलो तर त्या काळ्या वाळूत त्याहून जास्त गोंधळ, आणि मग मला राहवेना, रात्रभर वाचत बसलो.

ऐका! यंत्राच्या तबकडीतून चुंबकीय क्षेत्र बाहेर पडतं, त्यानं धातूत वीज फिरते, त्या विजेचं उत्तर तबकडीला ऐकू येतं. पण मिठाच्या पाण्यातूनही वीज वाहते! म्हणजे यंत्राच्या लेखी अख्खा अरबी समुद्र हा एक किरकोळ धातू! आणि मांडवीच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट, मॅग्नेटाइट अशी लोखंडाची खनिजं, त्यांची तऱ्हा आणखी निराळी. एकाच फ्रिक्वेन्सीच्या यंत्रानं मिठाला गप्प करावं तर खनिजं बोंबलतात, खनिजांना करावं तर मीठ! भाच्याचं यंत्र नेमकं तसलं, शेतात-माळावर छान, इथं वेडं.

म्हणून आपल्याला (हो, आपल्याला! तुम्ही आता यात आहात!) हवं मल्टी-फ्रिक्वेन्सी. ते एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर ऐकतं, मिठाचा आवाज ओळखतं आणि वजा करतं. वजा! समुद्र वजा! माइनलॅबचं इक्विनॉक्स 900 यातलंच, 5 मीटर पाण्यात चालतं. नोक्टाचं लेजेंड 3 मीटर. गुडघाभर पाण्याच्या पुढं न जाणाऱ्या माझ्यासारख्याला काय कमी आहे?

आणि मग पल्स इंडक्शन! हे तर ऐकाच! ते एक ठोका देतं, थांबतं, आणि मग ऐकतं. मिठातली वीज चटकन विझते, धातूतली रेंगाळते, म्हणून ते मीठ विझेपर्यंत नुसतं गप्प राहतं! एवढीच युक्ती! गॅरेटचं सी हंटर याच जातीचं, 65 मीटर खोल नेता येतं. मात्र लोखंड कुठलं नि सोनं कुठलं हे त्याला धड सांगता येत नाही. हेअरपिन, खिळे, बुचं, सगळं खणा! माझी कंबर नको म्हणते.

आता खरी गंमत! सोन्याची बारीक साखळीही मिठासारखीच हलकं बोलते, तिच्यातलीही वीज चटकन विझते. म्हणजे मीठ फार दाबलं तर साखळीही दाबली जाते! किती खोल शोधतं हे दुकानदाराला विचारूच नका. मीठ गप्प करताना यंत्र बारीक सोनं किती सांभाळतं, एवढंच विचारा.

आणि हो, वॉटरप्रूफ म्हणाला की लगेच विचारा, काय काय? काही यंत्रांची फक्त तबकडी वॉटरप्रूफ असते, वरचा डबा नाही! हेडफोनचं वेगळं विचारा. घरी आल्यावर सगळं गोड्या पाण्यानं धुवायचं. वाळू चाळायला लांब दांड्याचं भोकाभोकांचं स्टीलचं खोरं मिळतं, भजी तळायचा झाराच जणू, फक्त राक्षसाच्या घरचा!

तर ठरलं! अमावास्येला किंवा पौर्णिमेला निघू, तेव्हा ओहोटीला पाणी फार मागं जातं. यंत्र मी धरणार, खोरं तुम्ही. आणि पेन आणा, कारण 1878 चा गुप्तधनाचा कायदा आहे, जमिनीत दडलेला दहा रुपयांहून जास्त मोलाचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. दहा रुपये! अर्ज तुम्हीच लिहा, माझं अक्षर कोणाला लागत नाही.