कपिलधारच्या पायऱ्यांवर

वाचकहो, बीडहून मांजरसुंब्याकडे निघालात, तर वाट थोडी वाकडी करून कपिलधारला जरूर जा. बालाघाटच्या डोंगरातली ही दरी. पावसाळ्यात कड्यावरून धार कोसळते आणि तिच्याजवळच मन्मथस्वामींची समाधी आहे. कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेला कर्नाटक, तेलंगणातूनही भाविक येतात. दुसऱ्या मुलखातला म्हणून पंगतीतून येथे कोणी कोणाला उठवीत नाही.

मागे गेलो होतो, तेव्हा पायऱ्यांवर लातूरकडचे एक शेतकरी भेटले. मुलगा अमेरिकेत शिकून नोकरीला लागला, म्हणून नारळ वाढवायला आले होते. त्यांनी २०२० सालची गोष्ट सांगितली.

जमीन तारण ठेवून मुलासाठी कर्ज काढलेले. तेवढ्यात करोना आला आणि विद्यापीठांचे वर्ग ऑनलाइन झाले. ६ जुलैला तिथल्या सरकारने जाहीर केले, की ज्यांचे सगळे शिक्षण ऑनलाइन आहे, त्या परदेशी विद्यार्थ्यांनी वर्ग भरणाऱ्या संस्थेत जावे, नाहीतर देश सोडावा. इकडे मार्चपासून नेहमीची परदेशी विमाने बंद. "साहेब, पोराला ये म्हणावं तर इमान नाही, आन् ऱ्हा म्हणावं तर सरकारची मनाई. आठ दिवस घरात कुणाला घास गोड लागला नाही," ते म्हणाले.

त्या वेळी अमेरिकेत दहा लाखांवर परदेशी विद्यार्थी होते. त्यांत आपल्या देशाचे दोन लाखांच्या आसपास. ८ जुलैला हार्वर्ड आणि एमआयटी ही विद्यापीठे आपल्याच सरकारविरुद्ध बोस्टनच्या न्यायालयात गेली. इतर अनेक विद्यापीठांनी त्यांना पाठिंबा दिला. १४ जुलैला सरकारने तो नियम मागे घेतला. नव्याने जाऊ पाहणाऱ्यांना मात्र केवळ ऑनलाइन शिक्षणासाठी प्रवेश मिळाला नाही.

या मुलाच्या विद्यापीठानेही लगेच पत्र धाडले होते : घाबरू नका, एखादा तास प्रत्यक्ष वर्गात घेण्याची सोय करू. वडिलांनी ते पत्र अजून देव्हाऱ्यात जपून ठेवले आहे.

बंधू-भगिनींनो, आता खेड्यातली मुलेही परदेशी जाऊ लागली आहेत. बियाणे घेताना आपण पिशवीवरची खूणचिठ्ठी वाचतो, पावती जपतो. तसेच येथे करावे. विद्यापीठाचे नाव आणि फी तर पाहाच. पण परदेशी विद्यार्थ्यांसाठी तेथे वेगळे कार्यालय आहे का, नियम बदलला तर ते मुलांना कसे कळवते, अडचणीत राहण्याची सोय करते का, हे तेथे शिकत असलेल्या मुलांना विचारून घ्या. पासपोर्ट, व्हिसा, प्रवेशपत्र यांच्या प्रती घरीही ठेवा. कर्ज काढताना परतीच्या तिकिटाचे पैसे बाजूला काढा. त्यांना हात लावू नका.

नियम बदलणे आपल्या हाती नाही. नियम बदलल्यावर आपल्या लेकराच्या पाठीशी कोण उभे राहील, हे आधी पाहून ठेवणे मात्र आपल्याच हाती आहे.