चिंध्यांची भुतं!

अहो, कापड चक्क कागदासारखं कापता येतं! तुम्हाला ठाऊक होतं? मग मला कुणी सांगितलं का नाही?

थांबा, नीट सांगते. आम्ही न्यू जर्सीत राहतो. इथे ऑक्टोबर लागला की घरोघरी पायऱ्यांवर भोपळे येऊन बसतात, 31 तारखेला पोरं भुतंखेतं बनून दारोदार चॉकलेटं मागत हिंडतात, आणि आमच्या कन्येला त्याआधी सगळ्या मित्रमंडळींना कार्डं द्यायची होती. तीही हाताने केलेली! आता माझी शिवणकलेतली गती अशी, की बटण तुटलं तर मी सेफ्टी पिन लावते. पण माझ्याकडे कातरणांची पिशवी आहे! पुण्याला ब्लाउज शिवायला टाकले की शिंपीकाका उरलेले तुकडे गाठोडं बांधून परत देतात, आणि मी ते इमानेइतबारे विमानातून आणते. कशाला? देव जाणे! वापरत नाही, पण टाकवतही नाही.

आणि मग लेकीने ती पिशवी जमिनीवर उपडी केली! नारिंगी खण! काळ्या चंद्रकलेवरच्या ब्लाउजची पट्टी! जांभळं इरकल! अहो, हॅलोवीनचे सगळे रंग आपल्या ब्लाउजपिसांत आधीपासूनच हजर! शेजारची दोन पोरंही येऊन बसली, आणि मग कात्र्या निघाल्या, आणि मग कळलं की मुलांच्या बोथट कात्रीने कापड कापत नाही, नुसतं चावल्यासारखं होतं.

इथे ती जादू येते! फ्युझिबल वेब म्हणून एक प्रकार मिळतो. कागदावर गोंदाची पातळ जाळी असते, बस्स. जाळीची बाजू कापडाच्या उलट्या अंगाला ठेवायची, कागदावरून इस्त्री फिरवायची (इस्त्री मोठ्यांनीच, आणि जरीच्या कापडाखाली एक सुती रुमाल घालायचा!), की तो कागद कापडाला घट्ट धरून बसतो. मग त्या कागदावर पेन्सिलीने भोपळा काढा, वटवाघूळ काढा, आणि कापा! बोथट कात्रीनेसुद्धा कापलं जातं! कडेचे धागे सुटत नाहीत! मग कागद सोलून काढायचा, तुकडा कार्डावर ठेवायचा, पुन्हा इस्त्री, आणि चिकटला! फक्त चित्र उलटं उमटतं, त्यामुळे अक्षरं आरशातल्यासारखी काढावी लागतात. आमचं "भॉक!" झकास उमटलंय!

पण खरी मजा भुतांची! भुताला इस्त्री नको, जाळी नको, काही नको. पांढऱ्या अस्तराचा तुकडा घ्यायचा आणि खालच्या कडेचा एक आडवा धागा सुईच्या टोकाने उचलून ओढायचा. सर्रकन निघतो! मग दुसरा, मग तिसरा, आणि बघता बघता उभ्या धाग्यांची झालर लोंबायला लागते आणि भूत हवेत तरंगायला लागतं! एरवी कापड उसवलं की आपण कपाळाला हात लावतो, इथे जितकं उसवेल तितकं भूत भारी! धागे ओढायला मुलांची भांडणं लागली. मीही भांडले! वरच्या बाजूला तेवढा गोंदाचा हात फिरवायचा, तोही कार्डाला, कापडाला नाही. पातळ कापडातून गोंद वर येऊन डाग पडतो.

आणि चेटकीण! तिची टोपी काळ्या पट्टीची, आणि तिच्या झाडूवर मांजराऐवजी बसलाय पैठणीच्या काठातला मोर! शेजारच्या पोराने विचारलं, हा पक्षी भीतीदायक आहे का? "फार!" आमची कन्या म्हणाली.

रात्री मला झोप येईना. वाचत बसले, तर काय! भोपळे कोरायची ही पद्धत आयरिश लोकांनी इथे आणली, आणि तिकडे ते भोपळा नाही, सलगम कोरायचे! सलगम! आणि शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेत हॅलोवीनच्या पोस्टकार्डांचं वेड होतं. एलन क्लॅपसॅडल नावाच्या चित्रकर्तीच्या काही कार्डांवर तर मुलाचा हात खराच हलायचा! आणि मग काय, सकाळी आमच्या चेटकिणीचा हात वेगळा कापून, जाड कागदावर चिकटवून, खांद्याशी पितळी पिन टोचली. हलतो! वर-खाली हलतो! मी चहा गार होईस्तोवर हलवत बसले होते.

तेव्हा ती पिशवी काढा! तुमच्याकडेही आहे, उगाच नाही म्हणू नका. पलंगाखाली बघा, नाहीतर कपाटाच्या वरच्या कप्प्यात. आणि कार्ड टपालाने पाठवणार असाल तर बटणं आणि पितळी पिना जपून लावा. इथे पाकीट फुगलेलं किंवा चौरस असलं की टपाल खातं जास्तीचं तिकीट मागतं!