उरलेला भात

भात उरायचा तर आधी तो पोटभर शिजावा लागतो. मूर्तिजापूरकडच्या आमच्या मूळ गावी तो उरत नसे, कारण तो सणावारालाच शिजे. रोजचं पोट ज्वारीच्या भाकरीवर चालायचं. आजीच्या लेखी तांदूळ पाहुण्यांचा, आजाऱ्यांचा आणि नैवेद्याचा. त्यामुळे उरलेला भात आमच्या घराण्यात आला तो भिलाईत, माझ्या जन्माच्या थोडा आधी.

बाबा १९५८ साली इथे आले. सोव्हिएत युनियनशी पोलाद कारखान्याचा करार होऊन तीन वर्षं झाली होती आणि धानाच्या खेड्यांमध्ये कारखाना उभा राहत होता. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिल्या भट्टीचं उद्घाटन केलं, तेव्हा बाबा त्या गर्दीत होते. निदान ते तसं सांगत. भिलाईचा दुर्ग जिल्हा १९५६ पर्यंत नागपूरच्याच राजधानीखाली होता, त्यामुळे वऱ्हाडी माणसाला हा मुलूख फार परका वाटत नसे. राजधानी भोपाळला गेली तरी सोयरीक आणि लोणच्याच्या बरण्या मुंबई-हावडा लाइनवरून नागपूरच्याच बाजूने येत राहिल्या.

ज्वारीचं पोतंही येई, पण दरवेळी कोण आणणार? इथे तांदूळ दारात होता. आईने भाकरीचा तवा हळूहळू मागे सारला आणि गंजभर भात शिजवायला सुरुवात केली. माप करताना ती एक मूठ जास्तीची टाकायची. ती मूठ कुणासाठी हे ठरलेलं नसे. विदर्भातून आलेली सडी मुलं तेव्हा एकेका क्वार्टरमध्ये चार-चार जण राहत. सेकंड शिफ्ट सुटली की त्यातलं कुणीतरी 'वहिनी, काही आहे का' म्हणत दारात येई. गंज रिकामा सापडला असता तर आईला ती नामुष्की वाटली असती. भात उरणं हे आमच्याकडे बरकतीचं लक्षण होतं. ज्यांनी घरात भात मोजून पाहिला होता त्यांचा तो हिशेब होता, आणि मला तो अजूनही चुकीचा वाटत नाही.

कुणी आलं नाही तर सकाळी फोडणीचा भात. कांदा, दाणे, हळद, वर लिंबू. भिलाईला लोक मिनी इंडिया म्हणतात ते मला पहिल्यांदा कळलं ते शाळेच्या डब्यांवरून आणि शेजारच्या स्वयंपाकघरांवरून. बंगाल्यांकडे तोच भात पाण्यात भिजून पांता होई, उडिया घरी पखाळ, तेलुगू घरी ताकातला चद्दन्नम, मल्याळी घरी पळंकंजी. आणि ज्यांची ही भूमी त्यांच्याकडे बासी: रात्रीचा भात पाण्यात बुडवून ठेवायचा, सकाळी मीठ, कांदा, हिरवी मिरची आणि एखादी भाजी. त्याच दिवशीचा भिजवला तर तो बोरे. पाच प्रांत पाच भाषांत एकच गोष्ट करत होते, शिळं टाकत नव्हते. २०२२ मध्ये छत्तीसगडचे तेव्हाचे मुख्यमंत्री भूपेश बघेल यांनी कामगार दिनाला सगळ्यांनी बोरे-बासी खावी असं आवाहन केलं, तेव्हा कलेक्टरांपासून सगळ्यांचे वाडग्यांसह फोटो आले. फोटोंतल्या अनेकांनी त्या दिवशी खुर्चीवरून उठण्यापलीकडे काही श्रम केले असतील असं वाटलं नाही. बासी खाऊन बाई दिवसभर चिखलात रोपा लावते. बासीइतकाच तो चिखलही त्या जेवणाचा भाग आहे.

माझं लग्न भिलाईतच झालं, एका सेक्टरातून दुसऱ्यात. नोकरी कारखान्याच्या शाळेत. उरलेला भात माझ्याबरोबर सासरी आला, पण त्याची वेळ बदलली. सकाळी शाळेची घाई, मुलांना ब्रेड हवा, नवऱ्याला पोळी-भाजी. फोडणीच्या भाताला गिऱ्हाईक उरलं नाही. मग रात्री ओटा आवरताना मी तो उभ्यानेच खाऊ लागले. वरणाची तळाशी राहिलेली वाटी, मुलाच्या ताटातली अर्धी पोळी, आणि भात. पानात टाकू नये हे लहानपणापासून कानावर होतं, फ्रिजमध्ये जागा नव्हती आणि दुसऱ्या दिवशी तो कुणी खाणार नाही हे ठाऊक होतं. हे जेवण आहे असं मला कधी वाटलं नाही. जेवण टेबलावर सगळ्यांबरोबर होऊन गेलेलं असे. ही आवराआवर होती.

बाबांना साखर होती. आत्याला होती, काकांना होती. २०१८ मध्ये सत्तावन्नाव्या वर्षी माझी एचबीए१सी ८.४ आली, तेव्हा घरात कुणी दचकलं नाही. साडेसहाला मधुमेह म्हणतात, मी बरीच पुढे होते. वजन चौऱ्याहत्तर, उंची जेमतेम पाच फूट. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन लिहून दिली आणि आहारतज्ज्ञाकडे पाठवलं. ती पंचविशीतली मुलगी होती. मी तिला सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र असं सगळं नीट सांगितलं. शिक्षिकेचं उत्तर होतं, मुद्देसूद. तिने लिहून घेतलं, पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "और खड़े-खड़े क्या खाती हैं?"

तिच्याकडे येणाऱ्या प्रत्येक बाईला ती हेच विचारत असावी. दीडशे ग्रॅम शिजलेला भात म्हणजे एक वाटी, म्हणजे साधारण दोनशे उष्मांक. तिने कागदावर तो आकडा लिहिला आणि पुढे गुणाकार न करता कागद माझ्या हातात दिला.

ते वर्ष मराठी घरांत दीक्षित की दिवेकर या वादाचं होतं. वाद भिलाईतही पोचला होता. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात चहाच्या टेबलाशी दोन पक्ष उभे राहत. ऋजुता दिवेकर म्हणत, थोड्या थोड्या वेळाने थोडं थोडं खा. डॉ. जगन्नाथ दीक्षित म्हणत, दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांच्या आत जेवण संपवा, मधे पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा चहा एवढंच, आणि पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. या विचाराचं मूळ डॉ. श्रीकांत जिचकारांकडे जातं. ते काटोलचे, आमच्या विदर्भातले, त्यामुळे माझे काका मंडळात दीक्षितांची बाजू माहेरची असल्यासारखी लढवत.

दर खाण्याला इन्सुलिन स्रवतं म्हणून खाण्याच्या वेळा कमी करा, हा दीक्षितांचा युक्तिवाद. तो कितपत टिकतो हे मी ठरवू शकत नाही. पण दोनदाच जेवायचं म्हटल्यावर रात्री नऊनंतर ओट्यापाशी माझं तोंड बंद झालं, आणि माझ्या मते माझं जे वजन उतरलं त्यातलं निम्मं त्या बंद तोंडाने उतरवलं. डॉक्टरांनी हरकत घेतली नाही, फक्त एक गोष्ट बजावली: ज्यांना इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू आहे त्यांनी डोस न बदलता जेवणं गाळली तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. माझ्या मेटफॉर्मिनचं तसं नव्हतं. मंडळात हा फरक कुणी सांगत नसे. तिथे सगळे एकाच आजाराचे एकाच तऱ्हेचे रोगी होते.

मुलगा तेव्हा हैदराबादहून लेख पाठवायचा. त्यातला एक मनात राहिला. ब्रिटनमध्ये मधुमेह होऊन सहा वर्षं उलटली नव्हती अशा सुमारे तीनशे लोकांवर प्रयोग झाला, २०१७ च्या अखेरीस लॅन्सेटमध्ये छापला गेला. निम्म्यांना काही महिने दिवसाला साडेआठशेच्या आसपास उष्मांकांचं पातळ पेय दिलं. वर्षाअखेर त्यांतल्या ४६ टक्क्यांची साखर गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती, आणि ज्यांनी पंधरा किलो किंवा जास्त घालवले त्यांच्यात ८६ टक्क्यांची. प्रयोगामागच्या रॉय टेलर यांचं म्हणणं, यकृतात आणि स्वादुपिंडात साचलेली चरबी हटली की बिघडलेलं काम पुन्हा चालू होतं. म्हणजे गोष्ट वजनाची होती, वेळापत्रकाची नव्हे. मी काकांना हे सांगितलं. काका म्हणाले, "गोरे लोक आहेत ते, त्यांना काय!"

काकांचं म्हणणं गमतीचं असलं तरी वाया जाणारं नव्हतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी स्वतःचा आणि इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये छापला होता. दोघांचाही बीएमआय २२ च्या थोडा पुढे. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९ टक्के, याज्ञिकांच्या २१. आपल्याकडे बारीक दिसणारा माणूसही आतून लठ्ठ असू शकतो. म्हणूनच भारतीय बाईने कंबर ८० सेंटिमीटरच्या आत ठेवावी असं सांगतात. वजनकाट्यावर माझा विश्वास तेव्हापासून थोडा कमी झाला आणि शिंप्याच्या टेपवर वाढला.

मधल्या काळात आईच्या मनात ज्वारी परतली होती. ती तेव्हा ऐंशीच्या पुढे, नागपूरला भावाकडे. तिच्या मते भिलाईच्या भातानेच सगळ्यांना साखर झाली, भाकरी खाल्ली असती तर काही झालं नसतं. तिने भावाबरोबर पीठ पाठवलं. भाकरी थापायला मी इतक्या वर्षांनी बसले, पहिल्या काही काठाशी फाटल्या, मग जमू लागलं. चव आजीच्या घरची, ठेचा तर होताच. दोन तासांनी बोट टोचलं. मोठ्या दोन भाकरी आणि एक वाटी भात यांत मीटरला फारसा फरक दिसला नाही. कोरडं धान्य तोलून पाहिलं तर ज्वारी, गहू, तांदूळ तिघांचेही उष्मांक शंभर ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास. ज्वारीत चोथा जास्त आहे, ती चावायला वेळ लागतो, एका भाकरीत पोट भरतं, हा खरा नफा. पण आजीच्या आठवणीला मीटर सूट देत नाही. आईला मी हे सांगितलं नाही, पीठ येत राहिलं आणि मी एक भाकरी खात राहिले.

बासीचंही पाहिलं. भात शिजवून थंड केला की त्यातला काही स्टार्च घट्ट बांधला जातो आणि आतड्यात सहजी पचत नाही. म्हणून थंड भाताने साखर ताज्या वाफाळत्या भातापेक्षा थोडी कमी चढते. माझ्या मीटरवर हा फरक दिसला, पण अगदी थोडा, आणि वाटीच्या दोन वाट्या केल्या की तो नाहीसा होई. त्याहून मोठा फरक जेवणानंतर घराबाहेर पडल्याने पडला. टाउनशिपचे रस्ते रुंद आणि झाडांचे, सेंट्रल अॅव्हेन्यूवरून रात्री चालायला भीती वाटत नाही. मे महिन्यात मात्र आठ वाजताही डांबर तापलेलं असतं, तेव्हा मी क्वार्टरच्या व्हरांड्यातच फेऱ्या मारायची.

दीडेक वर्षात दहा-अकरा किलो गेले, एचबीए१सी ६.२ वर आली. गोळी निम्मी झाली, बंद झाली नाही. सर्वांत अवघड गेलं ते भाताचं माप. मी एक मूठ कमी घेतली की नवरा गंजात डोकावायचा. गंज पुसून रिकामा झालेला त्यांना बघवत नसे. ते स्वतः साखरेचे नाहीत, पण त्यांचंही बालपण कुठल्यातरी मोजलेल्या भाताचंच. शेवटी उरलेला भात त्यांनी खायचा असं ठरलं. आठवड्याभरात ते स्वतःच मूठ कमी घ्यायला सांगू लागले.

रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने मधुराज-५५ नावाचा तांदूळ काढला आहे, साखर हळू चढवणारा, छत्तीसगडच्याच जुन्या गुरमटिया जातीतून. या प्रदेशात भातसंशोधक डॉ. रिछारिया यांनी भाताचे हजारो नमुने गोळा करून ठेवले होते, तो खजिना विद्यापीठाने जपला आहे. मी हा तांदूळ खाऊन पाहिला, चांगला आहे. दुकानदार त्याला 'शुगर-फ्री चावल' म्हणतो, आणि लोक तो दुप्पट खातात.

आमच्याकडे कामाला येणारी बाई बालोदकडची. गेल्या वर्षी गावच्या शिबिरात तिला साखर निघाली. तिथे सांगितलं, भात बंद. ती मला म्हणाली, "भात नइ खाबो त का खाबो, बहनजी?" तिचं म्हणणं रास्त होतं. रेशनवर घराला महिन्याला ३५ किलो तांदूळ येतो, ज्वारी येत नाही. ज्वारी सुपेल्याच्या बाजारात विकत मिळते, आणि तिचा तांदूळ फुकट आहे. घरात पाच माणसं. सगळ्यांचं झाल्यावर गंजात जे उरतं ते रात्री पाण्यात जातं, आणि सकाळी ती सगळी बासी तिची एकटीची. कारण दुसऱ्या कुणाला ती आता नको असते. पोरांना मॅगी हवी.

मी तिला आहार सांगितला नाही. फक्त विचारलं की रात्री किती उरतं. तिने दोन्ही हातांची ओंजळ करून दाखवली. तेवढी ओंजळ शिजवताना कमी टाकायची आणि बासीत चेच भाजी वाढवायची, एवढं ठरलं. सासूने भाजीच्या ढिगाकडे बघून गायीचा चारा म्हटलं, हे तिने हसत सांगितलं. शुक्रवारी काम आटोपलं की ती ओट्याशी येऊन माझ्या मीटरसमोर बोट धरते. पट्ट्या महाग पडतात, पण रिटायर झाल्यावर माझा दुसरा खर्च तरी काय आहे?

परवा आकडा बराच खाली आला होता. काय केलं म्हणून विचारलं.

"बासी के पानी भर पीथंव," ती म्हणाली. मी तिच्याकडे बघत राहिले, तेव्हा पदराने बोट पुसत पुढे म्हणाली, "अउ थोरकिन भात."